काठी किती ‘सेन्सिटिव्ह’ हवी?

गळाच्या सामानाच्या दुकानात ‘सेन्सिटिव्ह’ या शब्दाइतका महाग शब्द दुसरा नसेल. तो काठीवर छापला की किंमत चढते, आणि तो नेमका कशाबद्दल आहे हे विचारायचं घेणाऱ्याला सुचत नाही. गेले तीन आठवडे हा शब्द आमच्या घरात खडकी ते डॅलस अशा फेऱ्या मारतोय. बाबांच्या पंच्याहत्तरीला दादाला साडेतीनशे डॉलरची बास रॉड आणायची आहे, वर्गणी आपण सगळ्यांनी काढायची आहे, आणि माझं मत असं की ती काठी घेऊ नये. वर्गणी चुकवायला कारणं शोधतेय असं आत्याला वाटायच्या आत सविस्तर लिहून टाकते. (ह. घ्या.)

ज्यांना गळ म्हणजे फक्त विहिरीत पडलेली बादली काढायचा तो माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. बाबा नोकरीभर ॲम्युनिशन फॅक्टरीत आणि रविवारभर नदीवर. बांबूची काठी, तंगूस, कणकेची गोळी नाहीतर गांडूळ, आणि पाण्यावर तरंगणारा मोरपिसाचा देठ. देठ बुडाला की ओढायचं, संपला विषय. होळकर पुलाच्या आसपास मुळेत तेव्हा मासे मिळायचे. याच मुळा-मुठेच्या माशांवर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये लिहिलं आणि नव्या जातींना इथल्या लोकांच्या तोंडची नावं दिली. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’, ते त्यातलंच. आज त्या पुलावरून खाली बघितलं तर काळं पाणी आणि हंगामात जलपर्णीचा गालिचा. जे मिळतं ते चिलापी आणि मांगूर, आणि ते खायची बाबांची हिंमत होत नाही. म्हणून महिन्यातून दोनदा मी त्यांना तळेगावच्या पुढे एका पाझर तलावावर नेते, रीतसर विचारून. तिथे मरळ आहे.

आता ‘बास’ हा मासा आपल्याकडे नाहीच. पण तो आणि मरळ यांचा स्वभाव एका बाबतीत जुळतो. दोघंही शेवाळाच्या कडेला दबा धरून बसतात आणि वरून हळूहळू खाली येणाऱ्या वस्तूवर झडप घालतात. त्यामुळे अमेरिकेत बाससाठी काढलेली मऊ प्लास्टिकची गांडुळं इथे मरळीला चालतात. ओहायोतल्या निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ मध्ये असलं पहिलं गांडूळ बनवलं असं मानतात. मागच्या खेपेला दादाने तसली दोन पाकिटं आणली होती, आणि बाबा बघता बघता त्या रबरी गांडुळांच्या प्रेमात पडले. खऱ्या गांडुळासाठी कुंडी उकरावी लागते म्हणून आईचीही हरकत नव्हती.

या प्रकारात शिसं लावत नाहीत. पाच इंची गांडूळ, त्यात मीठ मिसळलेलं असतं म्हणून ते स्वतःच्या वजनाने बुडतं. गळासकट साधारण दहा ग्रॅम. गळाचं टोक उलटं त्याच्या अंगातच खुपसून ठेवायचं, म्हणजे शेवाळात अडकत नाही. फेकलं की ते आडवं, दोन्ही टोकं थरथरवत, अगदी सावकाश खाली जातं. मासा घेतो तो बहुतेक याच वेळी. आणि खरी गोम इथे आहे. ते नीट खाली जायला हवं तर लाइन सैल ठेवावी लागते. ताणून धरलीत तर गांडूळ झोक्यासारखं तुमच्याकडे येतं आणि त्यातला जीव जातो.

लहानपणी आपण काडेपेटीचा फोन करायचो, आठवतोय? दोन काडेपेट्या, मध्ये दोरा. दादा मागच्या अंगणात, मी माडीवर. दोरा ताणलेला असेपर्यंत त्याची कुजबुजसुद्धा ऐकू यायची. सैल पडला की ओरडलं तरी काही नाही, मग भले काडेपेट्या चांदीच्या असोत. काठीचं हेच आहे. कडक कार्बनची हलकी काठी कंपनं छान पोचवते, यात वाद नाही. शिसं लावून तळाशी ओढत नेलं तर दगड कुठे, चिखल कुठे, हे हाताला कळतं. दादा त्याच्या लेक फोर्कवर हेच करतो आणि त्याला ती काठी शोभते. पण बिनशिशाचं गांडूळ सैल लाइनवर खाली जात असताना वरची काठी शंभर डॉलरची की साडेतीनशेची, हे त्या माशाला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. कळवायला मध्ये दोराच ताणलेला नसतो.

दुकानात एक गंमत दाखवतात. काठीचं टोक विक्रेता आपल्या गळ्याला लावतो आणि बोलतो, आपण मुठीत थरथर अनुभवायची. माणूस थक्क होऊन पैसे काढतो. प्रयोग खराच आहे, फसवणूक काही नाही. फक्त त्यात पंधरा मीटर सैल लाइन नाही, वारा नाही, पाणी नाही.

तसंच त्या ‘आयएम सिक्स’, ‘आयएम सेव्हन’ आकड्यांचं. ही मुळात एका कंपनीच्या कार्बन धाग्यांची व्यापारी नावं. आकडा मोठा म्हणजे काठी चांगली, असं सांगणारं कुठलंही सर्वमान्य मानक नाही. धागा जितका ताठ तितकी काठी पातळ आणि हलकी करता येते, पण तितकीच ती ठोक्याला नाजूक. बाबा काठी डिकीत कशी टाकतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. (जाता जाता: कार्बनमधून वीज वाहते. वळवाचे ढग आले की काठी खाली ठेवायची आणि विजेच्या तारांखाली ती कधीच उभी धरायची नाही. हे बाबांना दहादा सांगून झालंय, आता तुम्ही सांगा.)

पण हे सगळं झालं तात्त्विक. मी हट्टाला पेटले आहे त्याचं कारण दुसरं आहे, आणि ते दादाला फोनवर नीट सांगता आलं नाही, कारण बाबा शेजारीच बसले होते.

बाबांची शुगर वीस वर्षांची आहे. पायांचं तुम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षीपासून हाताच्या बोटांतही बधिरपणा आलाय. शर्टाची वरची बुंदी आई लावते, आणि ‘सवय लागली तिला’ असं ते हसण्यावारी नेतात. दिवाळीनंतर डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी ट्यूनिंग फोर्क काढला. शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तोच, १२८ हर्ट्झचा. तो वाजवून हाडावर टेकवतात आणि विचारतात, थरथर कळतेय का? बोटाच्या टोकाशी बाबा म्हणाले, नाही. मधल्या पेराशी, नाही. मनगटाच्या हाडावर ठेवल्यावर म्हणाले, आता कळतंय. बाहेर आल्यावर रिक्षात बराच वेळ गप्प होते. मग एकच विचारलं, “मासा लागला तर कळेल ना गं?”

म्हणून सांगते, सेन्सिटिव्ह काठी जे काही पोचवते ते बोटांच्या टोकांना पोचवते, आणि बाबांचं नेमकं तिथेच बंद आहे. चांगले मासेमार लाइन तर्जनीवरून घेऊन बोटानेच चाहूल घेतात, तीही वाट गेली. त्यांच्याकडे शिल्लक काय आहे? मनगट आणि कोपराला कळणारा ओढ-भार अजून शाबूत आहे. आणि डोळे. मोतीबिंदू काढल्यापासून तर माझ्यापेक्षा चांगले आहेत. शिवाय ज्या माणसाने पन्नास वर्षं मोरपिसाच्या देठाकडे बघत मासे धरले, त्याला बघून मासा ओळखायचं शिक्षण वेगळं द्यायला नको.

तेव्हा काठी निवडायची ती डोळ्यांसाठी. खरं तर आधी लाइन निवडायची, मग काठी.

लाइन गर्द पिवळी हवी, विणलेली, पीईची. ती पाण्यावर तरंगते (घनता ०.९७, पाण्यापेक्षा किंचित कमी), त्यामुळे तिचा मोठा भाग पृष्ठभागावर दिसत राहतो. पुढे एक-दीड मीटर फ्लुरोकार्बनचा तुकडा जोडायचा, तो बुडतो आणि माशाच्या नजरेत कमी येतो. मग बघत बसायचं. पिवळी रेघ टचकन उडाली, मासा. रेघ वाऱ्याच्या उलट सरकायला लागली, मासा. गांडूळ तळाला जायला दहा आकडे लागतात आणि रेघ पाचालाच थांबली, तरी मासाच, कारण मधे कुणीतरी ते तोंडात धरलंय. हा शेवटचा प्रकार जगातली सगळ्यात महाग काठीसुद्धा सांगत नाही, कारण त्यात ठोका नसतोच. मऊ आणि खारट असल्यामुळे मासा ते लगेच थुंकत नाही, तेवढ्यात सैल लाइन गुंडाळून ताठ करायला वेळ मिळतो. मनगटाला भार जाणवला की ओढ. हा भार बाबांना नक्की कळतो. गेल्या दोन खेपांना मी मुद्दाम त्यांच्या मनगटाकडे बघत होते.

आता काठी. सात फूट, स्पिनिंग रिळाची. दहा ग्रॅमचं गांडूळ साध्या बेटकास्टर रिळावरून फेकायला अंगठा तयार लागतो, आणि अंगठ्याला संवेदना लागते. ‘पॉवर’ म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो ते. ती मिडियम हवी, दादा म्हणतो तशी मिडियम-हेवी नको. ‘ॲक्शन’ म्हणजे काठी कुठून वाकते ते. एक्स्ट्रा फास्ट काठी फक्त शेंड्याला वाकते, आपल्याला त्याच्या एक पायरी खालची, फास्ट किंवा मॉडरेट-फास्ट पुरे. काठीवर छापलेले आकडे वाचायचे तर हे वाचा: आमिषाचं वजन पाव ते पाच-अष्टमांश औंस, म्हणजे सात ते अठरा ग्रॅम. आपलं दहा ग्रॅमचं गांडूळ त्यात आरामात बसतं. दादाने निवडलेली काठी अर्ध्या औंसाला सुरू होते, म्हणजे चौदा ग्रॅमला. ती काठी आपल्या गांडुळाने वाकणारच नाही, आणि न वाकणारी काठी फेकायची म्हणजे खांद्याने फेकायची. पंच्याहत्तराव्या वर्षी! शेंडा जरा मऊ असला की तो वाकलेला दिसतोही, हा आणखी एक देठच म्हणा ना.

दादाचं म्हणणं मी खोडून काढत नाही. मरळीचं तोंड हाडाचं असतं, आणि गळाचं टोक आधी प्लास्टिकमधून बाहेर पडून मग त्या हाडात रुतायचं, त्याला कडक काठी लागते, असं तो म्हणतो. बरोबर आहे. पण पीईची लाइन तंगुसासारखी ताणत नाही, ओढीतला बराच जोर थेट गळाला मिळतो, आणि गळ जाड तारेऐवजी बारीक तारेचा घेतला की कमी जोरात रुततो. तरीही दाट जलपर्णीत शिरलेली मोठी मरळ मिडियम काठीने बाहेर निघणार नाही, हे मला मान्य आहे. काही मासे जातील. बाबा उघड्या पाण्याच्या कडेला टाकतील आणि जी मिळेल ती मिळेल. पावसाळ्यात मरळ पिल्लांचा लालसर घोळका राखत असते, तेव्हा तर ते तिच्या वाटेला जातच नाहीत. अशी मरळ चिडून कशावरही तुटून पडते, पण ती धरली की पिल्लं उघडी पडतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

वजन मात्र बघा. पैसे घालायचेच असतील तर इथे घाला. रीळ लावल्यावर काठी मुठीच्या जरा पुढे बोटावर तोलली पाहिजे. टोकाकडे जड काठी दोन तास धरली की मनगट दुखतं, आणि मनगट हेच तर आपलं उरलेलं यंत्र आहे. मूठ कॉर्कची असली तर उत्तम, बधिर हातातून घामाने निसटत नाही. मागचा दांडा कोपरापर्यंत पोचेल इतका लांब हवा, म्हणजे हाताच्या हाडाला टेकवून धरता येईल. ट्यूनिंग फोर्क जिथे कळला तिथपर्यंत.

अशी काठी शंभर डॉलरच्या आत येते. उरलेल्या पैशांत पोलराइज्ड चष्मा घ्या, नंबर करून. पाण्यावरची चकाकी गेली की पिवळी रेघ दुप्पट दिसते.

दोन तुकड्यांची काठी घेतली तर संवेदना तुटते असं कुणीतरी वहिनीला सांगितलंय. पट्टीच्या माणसाला फरक कळत असेल, मला आजवर कळलेला नाही. एक तुकड्याची सात फुटी काठी विमानात कशी आणणार, हा प्रश्न मात्र सगळ्यांना कळतो. तेव्हा दादा, दोन तुकड्यांची घे, कडक नळीत घालून आण, आणि बाबांना यातलं बोटांचं काही बोलू नकोस. ‘सवलतीत मिळाली’ म्हण, त्यांना तेच जास्त आवडेल. पिवळी लाइन दीडशे यार्डांची नको, तीनशेची आण. अर्धी मी माझ्या रिळावर भरणार आहे.