काजळी पुसण्यापूर्वी

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या वाड्यावर सकाळपासून बादल्यांचा खणखणाट सुरू होतो. शस्त्रांची जागा आता मोटारींनी घेतली असल्यामुळे पूजेपूर्वी त्यांनाच अभ्यंगस्नान घडते. काचा आणि चाके झाली की अखेरीस पाळी येते ती मागील बाजूच्या धुराच्या नळीची. लोक तिला सायलेन्सर म्हणतात. (वस्तुतः आवाज दाबणारा डबा निराळा आणि नळीचे हे टोक निराळे, पण लोकव्यवहारापुढे शास्त्राचे काय चालते!) वर्षभराची काजळी घासून ते टोक लखलखीत करण्यात घरच्या मुलांना मोठा पराक्रम वाटतो. तो पराक्रम मीही अनेक वर्षे केला आहे. आज मात्र त्याविरुद्ध दोन शब्द लिहावेत असे वाटते.

घासूच नये, असे माझे म्हणणे नाही. काजळी ओल धरून ठेवते आणि धातूला गंज चढण्यास हातभार लावते. तेव्हा इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कोमट साबणपाणी व मऊ फडके घ्यावे. खरा क्रोम असेल तर अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. शौचकूप धुण्याचे आम्ल मात्र कदापि वापरू नये, आणि पाण्याचा झोत नळीच्या आत सोडू नये. एवढे पुरे.

माझा आक्षेप आहे तो न पाहता पुसण्यावर. माझ्या लहानपणी वीज गेली की आजी कंदील लावीत असे. काच काळी पडली की आम्ही राख घेऊन ती घासायला धावत असू, आणि आजी म्हणे, 'आधी वात खाली करा.' वात वर असली की तेल जास्त व हवा अपुरी पडते. मग काच दहा वेळा घासली तरी काळीच होणार. इंजिनातही हेच घडते. इंधनाच्या मानाने हवा कमी पडली की कर्ब पुरता जळत नाही, आणि कोरडी, भुरभुरीत काजळी नळीच्या तोंडाशी बसते. हवेची गाळणी तुंबली असेल, इंधन जास्त फवारले जात असेल. कारण काहीही असो, खूण तिथे उमटते. तीच काजळी बोटाला चिकट, तेलकट लागली तर इंजिन वंगणाचे तेल जाळत असण्याचा संभव असतो.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळाले नाही. मी तर कलाशाखेचा पदवीधर. जुनी मोटार विकत घेतल्यावर दर पंधरा दिवसांनी मी नळी चकचकीत करी आणि ती पुन्हा काळी होई. एकदा गॅरेजवाल्याने नळीत बोट फिरवून ते माझ्यापुढे धरले व तो कोंकणीत म्हणाला, 'मास्तर, नळी कित्याक घासतात? इंजीन तेल खाता, तें पळयात.' पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. खूण माझ्या हाताखालीच होती. मी ती इमानाने पुसून टाकीत होतो.

प्रत्येक काळे टोक रोगाचे लक्षण असते असेही नाही. थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांत थोडी काजळी स्वाभाविकच असते. उलट १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर डिझेल मोटारींत कण अडवणारी गाळणी आली. अशा मोटारीचे टोक काळेकुट्ट दिसले तर गाळणीची तपासणी करावी. आणि माझ्यासारख्यांचे काय? घरापासून शाळा सव्वा किलोमीटर. एवढ्यात इंजिन धड तापतही नाही. थंड इंजिनाला जास्त इंधन द्यावे लागते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते. नळी गार असल्यामुळे त्यातले काही तिथेच थिजते आणि काजळीत मिसळते. हा दोष इंजिनाचा नव्हे, माझ्या पायांचा!

टोकावर बसते ती काजळी तर अत्यल्प. बाकीची हवेत जाते. डिझेलच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर, आत गारवा राहावा म्हणून, इंजिने चालूच ठेवलेल्या मोटारी मी रोज पाहतो. त्यांच्यामागून पहिलीतली मुले वाट काढीत जातात. नळीचे तोंड आपल्या नाकापासून दूर असते, त्यांच्या नाकापासून तितके नसते. पालकांनी राग मानू नये, पण त्यांतल्या काही नळ्या फार सुरेख चमकतात.

यंदाच्या खंडेनवमीला नळी घासण्याआधी मी बोटाला पांढरे फडके गुंडाळून आत फिरवले. ते कोरडे आणि करडे निघाले. हार घालण्यापूर्वी ते फडके मी मुलाला दाखवले, आणि मग बादली त्याच्या हाती दिली.