धूर गेला, टायरची धूळ राहिली

दर वर्षी ऑक्टोबर संपत आला की नॉर्वेतील टायरच्या दुकानांसमोर मोटारींच्या रांगा लागतात. उन्हाळी टायर उतरवायचे आणि हिवाळी चढवायचे, ही तिथली रीत. उतरवलेले टायर ठेवायला घरात जागा नसेल, तर दुकानदार भाडे घेऊन ते पुढच्या हंगामापर्यंत सांभाळतो. या सोयीला तिथे ‘डेकहोटेल’, म्हणजे टायरचे हॉटेल, असे गमतीदार नाव आहे. ईस्टरच्या सुमारास हाच कार्यक्रम उलटा होतो. अलीकडे या रांगांमधल्या बहुतेक नव्या मोटारी विजेवर चालणाऱ्या असतात. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी निव्वळ विजेच्या होत्या. तरीही ओस्लोसारख्या शहरात हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत वर्दळीच्या रस्त्यांवर धूळ वाढते आणि दम्याच्या रुग्णांना जपून राहावे लागते. या धुळीचा इंजिनाशी संबंध नाही. ती रस्ता आणि टायर यांच्या घर्षणातून उठते.

विजेच्या मोटारीने धुराचा प्रश्न सोडवला, यात शंका नाही. पण आरोग्याचा दुसरा एक प्रश्न तिच्या चार चाकांखाली शिल्लक आहे. हंगामानुसार टायर बदलणे आणि ठरावीक अंतरानंतर त्यांच्या जागा आपसात बदलणे, ज्याला गॅरेजमध्ये ‘रोटेशन’ म्हणतात, ही कामे केवळ गाडीच्या देखभालीची मानली जातात. ती सार्वजनिक आरोग्याचीही मानायला हवीत.

हिवाळी टायर का लागतात, हे आधी समजून घेऊ. उन्हाळी टायरचे रबर साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्त्यावरची पकड सुटू लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. जर्मनीत बर्फाळ किंवा निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून तर तीन शिखरे आणि हिमकणाचे चिन्ह असलेले टायरच तिथे ग्राह्य धरले जातात. ‘ओ ते ओ’, म्हणजे ऑक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत (ईस्टरला जर्मन भाषेत ओस्टर्न म्हणतात), असा सोपा मंत्र तिथे प्रचलित आहे. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही तो पहिल्याच हिवाळ्यात पाठ करावा लागतो. नॉर्वेत उन्हाळ्यात टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर चालते, हिवाळ्यात मात्र ती किमान ३ मिलिमीटर लागते. या नियमांनी अपघात टळतात आणि हाडे शाबूत राहतात, म्हणून वैद्यकाच्या दृष्टीनेही ते स्वागतार्हच आहेत.

अडचण सुरू होते ती खिळ्यांच्या टायरपासून. उत्तरेकडच्या देशांत काही हिवाळी टायरांत धातूचे छोटे खिळे बसवलेले असतात. गुळगुळीत बर्फावर ते उत्तम काम करतात. पण शहरातला रस्ता साफ केला की खाली कोरडे डांबर असते आणि तेच खिळे डांबर व खडी खरवडू लागतात. त्यातून खनिजांची बारीक धूळ तयार होते. दहा मायक्रोमीटरपेक्षा लहान कण श्वासावाटे श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात, तर अडीच मायक्रोमीटरच्या आतले कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ४५ मायक्रोग्रॅमच्या आत राहायला हवे. वर्दळीच्या रस्त्यावर, कोरड्या हवेत, खिळ्यांच्या टायरमुळे ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते.

ही धूळ निरुपद्रवी नाही. स्टॉकहोममधल्या २००० ते २००८ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हवेतील जाडसर कण घनमीटरमागे दहा मायक्रोग्रॅमने वाढले, की शहरातील दैनंदिन मृत्यूंमध्ये सुमारे १.७ टक्के वाढ दिसते, असे त्यात आढळले. आकडा छोटा वाटेल, पण तो संपूर्ण शहराच्या लोकसंख्येला लागू होतो. त्याची झळ सर्वांत आधी वृद्धांना, हृदयरोग्यांना आणि दम्याच्या रुग्णांना लागते. याच शहराने हॉर्न्सगाटन या गजबजलेल्या रस्त्यावर १ जानेवारी २०१० पासून खिळ्यांच्या टायरना बंदी घातली. ओस्लोने वेगळा मार्ग निवडला. तिथे असे टायर वापरायचे तर शुल्क भरावे लागते. १९९९ मध्ये ते प्रथम लागू झाले, मधे काही काळ बंद पडले आणि २००४ पासून पुन्हा सुरू झाले. आज तिथले बहुतांश चालक बिनखिळ्यांचे हिवाळी टायर वापरतात.

सर्वांत ठाम पाऊल उचलले ते जपानने. १९८० च्या दशकात सेंदाई शहरात खिळ्यांच्या टायरमुळे उडणाऱ्या धुळीने नागरिक हैराण झाले होते. लोकांनी आवाज उठवला, १९८५ मध्ये मियागी प्रांताने त्याबाबत नियम केला आणि १९९० मध्ये देशभरासाठी कायदा झाला. रुग्णवाहिका, अग्निशमन दलाच्या गाड्या आणि अपंग व्यक्तींची वाहने यांना सूट ठेवून इतरांवर निर्बंध आले. धूळ झपाट्याने कमी झाली.

पण या कथेचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. साप्पोरोसारख्या बर्फाळ शहरात खिळे गेल्यावर बिनखिळ्यांच्या टायरखाली बर्फ घासला जाऊन आरशासारखा गुळगुळीत होऊ लागला. खिळे हा थर खरवडत असत आणि त्याचा फायदा इतर वाहनांना, पादचाऱ्यांनाही मिळत असे. बंदीनंतर घसरून पडणाऱ्या आणि रुग्णवाहिकेतून न्याव्या लागणाऱ्या पादचाऱ्यांची संख्या वाढली. एका आजाराचे औषध दुसरा आजार जडवते, हे वैद्यकात नवीन नाही. अशा वेळी औषध बंद करण्याआधी त्याचा दुष्परिणाम आटोक्यात आणता येतो का, हे पाहिले जाते. साप्पोरोने तेच केले. रस्त्यांच्या कडेला वाळूच्या पेट्या ठेवल्या आणि घसरण्याच्या जागी लोकांनी स्वतः वाळू टाकावी, अशी सोय केली. शहराने रस्ता नीट राखायचा आणि चालकाने शहरात खिळे टाळायचे, अशी ही वाटणी आहे.

आता यात विजेच्या मोटारीची भर पडली आहे. तिच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद आहे. वेग कमी करताना तिची मोटर उलटे काम करून वीज परत मिळवते, त्यामुळे ब्रेक कमी झिजतात आणि ब्रेकची धूळ घटते. मात्र मोठ्या गाडीत बॅटरीचेच वजन काही शे किलो असते. ते सारे चार टायर वाहतात. शिवाय पॅडल दाबताच पूर्ण जोर चाकांवर येतो आणि रबर घासले जाते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०२० च्या अहवालात याचा हिशेब मांडला. धुराव्यतिरिक्तच्या सूक्ष्म कणांचा विचार केला, तर हलकी विजेची गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा कमी कण सोडते. मोठी बॅटरी घेऊन फिरणारी जड गाडी मात्र काहीसे जास्त सोडू शकते. यावरून ‘मग डिझेलच बरे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण डिझेलच्या काजळीचे आणि नायट्रोजन ऑक्साइडचे नुकसान वेगळेच आहे. निष्कर्ष एवढाच, की विजेची गाडी शक्य तितकी हलकी असावी आणि तिच्या टायरची काळजी घेतली जावी.

टायरची सारीच झीज हवेत जात नाही, हेही खरे. तिचा मोठा भाग जाड कणांच्या रूपात रस्त्यावर पडतो आणि पावसाबरोबर गटारांत, नद्यांत जातो. जगात दरडोई वर्षाला सरासरी ०.८ किलोच्या आसपास टायरची झीज होते, असा एक अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पाऊस पडताच कोहो सामन मासे ओढ्यांत मरून पडत. त्याचे कारण २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी शोधले. टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात घातलेल्या एका रसायनाचा हवेतील ओझोनशी संयोग होऊन तयार झालेले विष त्यामागे होते. माणसावर त्याचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास अजून सुरू आहे. पण जी वस्तू झिजून पाण्यात उतरते, ती कमी झिजावी असा प्रयत्न करायला त्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

झीज कमी करण्याचे साधे उपाय तीन. टायरमध्ये योग्य हवा, चाकांचे अचूक अलाइनमेंट आणि वेळच्या वेळी रोटेशन. ज्या चाकांना मोटरचा जोर मिळतो, ती लवकर झिजतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या विजेच्या गाडीत मागचे टायर आधी गुळगुळीत होतात आणि तेच सर्वांत धोक्याचे, कारण मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते. म्हणून साधारण आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घ्यावेत. फरक फार वाढू दिला, तर अदलाबदल करताना जास्त झिजलेली जोडी कुठे लावायची, हाच पेच पडतो. काही गाड्यांत पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे असतात, त्यांची अशी अदलाबदल होत नाही. काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, ते त्याच बाजूला ठेवून फक्त पुढे-मागे करावे लागतात. वर्षातून दोनदा टायर बदलणाऱ्या देशांत हे काम त्याच वेळी उरकता येते. प्रत्येक टायर कोणत्या चाकावरचा, हे खडूने लिहून ठेवले की झाले.

घरी टायर बदलणाऱ्यांनी आणखी एक धोका ओळखावा. चाकासह टायर वीस ते तीस किलोचे असते. ते कमरेत वाकून उचलले की मणक्यातील चकती सरकण्याची भीती असते. गुडघे वाकवून, चाक अंगाशी धरून उचलावे. विजेच्या गाडीच्या तळाशी बॅटरी असते, म्हणून जॅक नेमून दिलेल्या जागीच लावावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात-पाय घालू नयेत. नट ठरलेल्या जोरानेच आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावेत. हे जमत नसेल तर दुकानात गेलेले बरे. वाचवलेले पैसे अस्थिरोगतज्ज्ञाकडे खर्च करण्यात शहाणपण नाही.

महाराष्ट्रात हिवाळी टायरची गरज नाही, पण रोटेशनची आहे. पेट्रोलची गाडी ऑइल बदलायला सर्व्हिसिंगला जात असे, तेव्हा मेकॅनिक टायरही पाहत असे. विजेच्या गाडीला ऑइल नाही, म्हणून ‘हिला काही करावे लागत नाही’ असा समज रुजतो आणि टायरकडे महिनोन् महिने कोणी पाहत नाही. मोटारीसाठी नक्षीची १.६ मिलिमीटर खोली ही कायद्याने ठरलेली किमान मर्यादा आहे. पहिल्या जोरदार पावसात झिजलेला टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. अनेक विजेच्या गाड्यांत स्टेपनीही नसते, फक्त पंक्चर काढण्याचे साहित्य असते. मृग नक्षत्राआधी घराची कौले शाकारण्याची पद्धत होती. त्याच सुमारास टायरची हवा आणि नक्षी तपासण्याची, जागा बदलून घेण्याची सवय लागायला हवी.

मात्र सारा भार चालकावर टाकणे योग्य नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकच्या कणांवर आणि टायरच्या झिजेवर प्रथमच मर्यादा घातल्या आणि विजेच्या गाड्यांनाही त्या लागू केल्या. नॉर्वेने २०२३ पासून विजेच्या नव्या मोटारींवरही वजनानुसार कर बसवला. ही दिशा योग्य आहे. गाडी जितकी जड, तितकी ती इतरांच्या श्वासात अधिक भर घालते, मग त्याची किंमत गाडीच्या मालकाने मोजणे न्यायाचेच आहे. भारतात विजेच्या वाहनांना सवलती देताना हा विचार आताच व्हायला हवा. करसवलत आणि टोलमाफी हलक्या गाडीला जास्त, अवजड गाडीला कमी, असा फरक करता येईल. टायरच्या झिजेचे प्रमाण टायरवरच छापणे बंधनकारक करता येईल.

रस्त्याच्या कडेला भाजी विकणारी बाई, चौकात उभा वाहतूक पोलीस आणि शाळेतून चालत घरी जाणारे मूल यांच्याकडे बहुधा विजेची मोटार नसते. तिची धूळ मात्र त्यांच्या वाट्याला येते. टायरमध्ये हवा भरण्याचे दोन मिनिटांचे काम पुढे ढकलताना गाडीवाल्यांनी निदान एवढे लक्षात ठेवावे.