कुबडी मिळाली, पुढे काय?

शिबिरात दिव्यांगांना कुबड्या, चाकाच्या खुर्च्या वाटतात, फोटो छापून येतात. वाटप व्हावेच, परंतु माझे स्पष्ट मत असे की, साधन माणसाच्या मापाचे व आपल्या वाटेला चालणारे नसेल तर ते माळ्यावर जाते. माणगावच्या आसपास पावसाळ्यात चिखल, शेताचे बांध, घराला उंच जोते. लहान चाकांची खुर्ची तिथे कशी फिरणार?

जयपूर फूटचे उदाहरण घ्या. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा रबरी पाय घडविला. परदेशी धर्तीच्या पायाला बूट लागे, उकिडवे बसणे कठीण होई. हा पाय अनवाणी चालतो, चिखलपाण्यात उतरतो. आपल्या भातशेतीला असाच हवा!

कुबडीचेच पाहा. तिचे वरचे टोक काखेच्या दोन-तीन बोटे खाली हवे आणि भार तळहातावर. काखेवर रेलून चालल्यास तिथली नस दबते, मनगट लुळे पडू शकते. खालचे रबर झिजले की ओल्या लादीवर घसरलेच म्हणून समजा. आता एवढ्याशा रबरासाठी मुंबईला हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत जायचे का? महिन्यातून एक दिवस माणगावातच माप घेणारा, दुरुस्ती करणारा कारागीर बसवावा. शिबिर भरविणाऱ्या मंडळांनी हारतुऱ्यांच्या खर्चातून ही सोय आधी करावी.