सेल्फ किती माराल?

रविवारची सकाळ, राजारामपुरी. आई नारळाची पिशवी घेऊन गेटपाशी, बाबा स्टिअरिंगवर आणि गाडी खर्रर... खर्रर... ढिम्म! शेजारचे काका गॅलरीतून सल्ला देतात, "काढून टाका ओ आता!" बाबा काहीच बोलत नाहीत. चावी खिशात टाकतात आणि आत जाऊन कालचाच पेपर पुन्हा उघडतात. त्या रविवारी जोतिबा राहिला.

१९९६ची ही गाडी म्हणजे बाबांची पहिली आणि एकुलती एक. कार्ब्युरेटरवाली. जोतिबाचा घाट अजून हसत चढते, फक्त सकाळी उठायला कुरकुरते. (अगदी आपल्यासारखी!) एका गॅरेजमध्ये बॉनेट न उघडताच निकाल मिळाला : कार्ब्युरेटर बदला. आकडा ऐकून ताईनं पुण्याहून फर्मान काढलं, "विका ती." आणि बाबा चक्क "बरं" म्हणाले. त्या "बरं"नं मला शिवाजी उद्यमनगरात पोचवलं.

इंजिनांचे सुटे भाग जिथं ओतले आणि घडवले जातात, त्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी आधी एकच प्रश्न विचारला, "तरास कवा देती? सकाळी, का गरम झाल्यावर?"

सगळी मेख इथंच आहे, दोस्तहो. रात्रभर उभी राहिल्यावर सात-आठ सेल्फ खाते, पण नंतर दिवसभर एका झटक्यात स्टार्ट होते? मग बहुतेक वेळा पेट्रोल रात्रीत मागं टाकीकडं उतरलेलं असतं, किंवा चोक नीट बसत नसतो. उलट, सकाळी छान, पण दहा मिनिटं थांबून परत निघताना रुसते आणि पेट्रोलचा वास येतो? मग कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतोय का, ते बघायचं. अशा वेळी चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. सेल्फ एका वेळी पाच सेकंद, मग थोडी विश्रांती. नाहीतर पेट्रोलचा आजार राहील बाजूला आणि बॅटरीच बसेल.

आमची केस पहिली. मिस्त्रींनी थोडा सेल्फ मारून चावी बंद केली, एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत हातानं ॲक्सिलरेटर ओढला. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. उडाली तर पेट्रोल पोचतंय. मग प्लग काढून करंट तपासा. नाही उडाली तर उलट्या दिशेनं मागं जायचं : फिल्टर, पंप, पाईप, टाकी. प्लगही बोलतो. खूप सेल्फ मारूनही कोरडा म्हणजे पेट्रोल आलंच नाही; ओला म्हणजे पेट्रोल जास्त झालं किंवा करंट नाही.

आमच्याकडं पिचकारी नव्हती. फिल्टर स्वच्छ, पंप ठीक. टाकीकडून पंपाकडं येणारा रबरी पाईप मात्र कडक होऊन तडकलेला. गंमत म्हणजे तिथून पेट्रोल गळत नव्हतं, पंप तिथून हवा ओढत होता! वीतभर पाईप, दोन क्लिपा. बिल एका पिझ्झापेक्षा कमी. "कार्ब्युरेटरच्या नावानं उगंच बोंबलत हुता सायेब," मिस्त्री हसले.

जुनी गाडी पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २००३ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोचलं. आपल्या जिल्ह्यातला ऊसही त्यात आहेच! पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि नव्वदच्या दशकातले रबरी पाईप नि सील एवढ्या इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. त्यामुळं गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका, टाकी तळाला नेऊ नका आणि सर्व्हिसिंगला पाईप हातानं दाबून बघा. कडक लागला की बदला.

तुमची गाडी इंजेक्शनवाली असेल तर कान वापरा. चावी 'ऑन' केली की मागच्या बाजूनं पंपाचा दोनेक सेकंद बारीक आवाज येतो. नसेल येत तर आधी फ्यूज आणि रिले तपासा. दोन-तीनदा 'ऑन-ऑफ' केल्यावर लगेच स्टार्ट होत असेल, तर पाईपमधलं प्रेशर उतरतंय.

हे सगळं मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना. सिगारेट लांब. आणि बाटलीतून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओतायची हिरोगिरी अजिबात नको. एक बॅकफायर झाला की भडका!

पुढच्या रविवारी सहाला जाग आली ती गाडीच्या आवाजानं. पहिल्याच सेल्फला! बाबांनी गरज नसताना दोनदा हॉर्न वाजवला. आईसाठी नव्हता तो. गॅलरीतल्या काकांसाठी होता.