कर्करुग्णाचे परत गेलेले ताट कोणाच्या नोंदीत?

देऊळगाव राजा - येथील कर्करुग्णाला जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बुलढाण्यापेक्षा जालना जवळ आणि तेथून साठेक किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय सोयीचे. प्रशासकीय नकाशावर तालुका अमरावती विभागात असला, तरी उपचाराची वाट मराठवाड्यातून जाते आणि पुष्कळदा मुंबईत परळच्या टाटा मेमोरिअलपर्यंत लांबते. या वाटेवर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा काटेकोर हिशेब ठेवला जातो. रुग्ण किती जेवला आणि त्याचे मन कसे आहे, हे प्रश्न मात्र बहुधा दोन निराळ्या खात्यांचे मानले जातात, किंवा कोणाचेच नाहीत.

वास्तविक ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. कर्करोगात शरीरात इंटरल्युकिन-६ सारखी दाहकारक द्रव्ये वाढतात. ती भूक मंदावतात आणि स्नायू झिजवतात. थकवा, निरुत्साह आणि नैराश्याशीही त्यांचा संबंध आढळला आहे. सहा महिन्यांत नकळत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे, हा या झिजेचा एक प्रमुख निकष २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी निश्चित केला. केवळ जास्त खाऊ घालून ही झीज पूर्णपणे भरून येत नाही, असेही त्याच व्याख्येत नमूद आहे. त्याच वर्षी ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, रुग्णालयांतील ३० ते ४० टक्के कर्करुग्णांमध्ये मनःस्थितीचा कोणता ना कोणता विकार आढळतो.

घरच्या मंडळींना हे कोणी समजावून सांगत नाही. रुग्णाने ताट परत केले की तो हट्ट ठरतो. मग आग्रह, रागावणे, रडारड. केमोथेरपीने तोंडाची चव धातूसारखी झालेली असते. तोंडाच्या कर्करोगात किरणोपचारांनी आतली त्वचा सोलवटते. अशा तोंडाला ज्वारीची भाकरी आणि ठेचा कसा चालणार? दुसरीकडे ‘साखर बंद केली की गाठ वाळते’ अशा सल्ल्यावरून दूध, फळे, गूळ सारेच बंद होते. साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही. अगोदरच खंगलेल्या रुग्णाचे वजन तेवढे उतरते. त्याला दररोज प्रतिकिलो वजनामागे सुमारे २५ ते ३० किलोकॅलरी आणि एक ग्रॅमहून अधिक प्रथिने लागतात.

या दोन खात्यांमधील भिंत किती कृत्रिम आहे, हे पुद्दुचेरीच्या ‘जिपमेर’मधील २०२३ च्या चाचणीने दाखवून दिले. मनोविकारांत वापरले जाणारे ओलॅन्झापिन १२४ रुग्णांच्या या चाचणीत अत्यल्प मात्रेत, रोज अडीच मिलिग्रॅम, दिले गेले. औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक वाढले. इतरांत हे प्रमाण ९ टक्के होते. अर्थात हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे. स्वित्झर्लंडमधील रुग्णालयांत ५०६ कर्करुग्णांवर झालेल्या अभ्यासात व्यक्तिगत आहारनियोजनामुळे ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १९.९ वरून १४.१ टक्क्यांवर आले. जीवनमानही सुधारले.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये दाखल रुग्णाचे जेवण समाविष्ट आहे. पण डोके व मानेच्या कर्करोगाचे किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. या काळात गावाकडचा रुग्ण धर्मशाळेत नाही तर नातलगाकडे राहतो. परळच्या रुग्णांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे; तो प्रत्येक शहरात नाही. वजन उतरते ते याच आठवड्यांत.

त्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. कुपोषणाची एक प्रचलित प्राथमिक चाचणी दोन प्रश्नांची आहे : वजन आपोआप घटले का, आणि भूक नसल्याने खाणे कमी झाले का. नैराश्याच्या प्राथमिक तपासणीतही दोनच प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, आणि कशातच रस वाटेनासा झाला का. हे चारही प्रश्न परिचारिका वजनकाट्याशेजारी उभी राहून विचारू शकते आणि उत्तरे केसपेपरवर लिहू शकते. गावी परतल्यावर मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. रुग्णाला सुटी देताना तो कार्डावर लिहून देण्यास खर्च येत नाही.