तीन पावलं मागे

परवाच्या रविवारी आमच्या दिवाणखान्यात छोटीशी लढाई झाली. लढणारे चौघं: आमची लेक, माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, चहा दोनदा झाला, पण वाद काही मिटेना. विषय कोणता? तर 'ऑल्टरनेटिव्ह रॉक'मधला सगळ्यात भारी अल्बम कुठला!

भाचा 'निर्वाणा'च्या 'नेव्हरमाइंड'चा वकील. त्याचा चष्मेवाला मित्र 'रेडिओहेड'च्या 'ओके कॉम्प्युटर'पुढे कुणाला उभंच करायला तयार नाही. लेकीचं मत 'पर्ल जॅम'च्या 'टेन'ला. चौथा मात्र सगळ्यांत कमी बोलत होता. मध्येच तो एवढंच म्हणाला, "अल्बम सगळेच चांगले आहेत रे. ऐकणाऱ्याशी कोण कसं वागलं, ते बघा ना!"

गंमत बघा, या चौघांपैकी एकाचाही जन्म हे अल्बम निघाले तेव्हा झालेला नव्हता. तरी भांडण असं, की जणू कालच कॅसेट घरात आली! पण हसायचं कशाला? 'सवाई गंधर्व'च्या मांडवात आपण ऐकलीही नाही अशी मैफल 'काय रंगली होती!' म्हणून सांगणारे आपणच ना? रसिकांची जात इथून तिथून सारखीच.

मी मुकाट्याने ऐकत होतो. मला त्यातलं फारसं कळत नाही, म्हणून विचारलं, "पण 'ऑल्टरनेटिव्ह' म्हणजे नेमकं काय?" त्यावर मात्र चौघांचं एकमत झालं. १९८०च्या दशकात अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या झगमगाटापासून दूर, छोट्या कंपन्यांसाठी वाजवणारी मुलं होती. त्यांची गाणी वाजायची ती कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांवर. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या कॉलेजच्या गावात १९८० साली जमलेला 'आर.ई.एम.' हा त्यातला एक मोठा बँड. चकचकीत कपडे नाहीत, गिटारवर कसरती नाहीत. मनातलं बोलायचं, तेही आपल्या आवाजात. नेहमीच्या रॉकला हा पर्याय, म्हणून 'ऑल्टरनेटिव्ह'.

मग १९९१ साल उजाडलं. ऑगस्टमध्ये 'टेन' आला, सप्टेंबरमध्ये 'नेव्हरमाइंड'. दोन्ही बँड सिएटलच्या परिसरातले. 'नेव्हरमाइंड' इतका चालेल, असं त्याच्या कंपनीलाही वाटलं नव्हतं. पहिल्या खेपेला अमेरिकेतल्या दुकानांत जेमतेम ४६ हजार प्रती पाठवल्या होत्या. आणि जानेवारी १९९२मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं! पर्याय म्हणून निघालेलं संगीत एका रात्रीत मुख्य रस्त्यावर आलं.

इथे आमची सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या मनात दोन शंका होत्या. कारण या वादामागे एक अर्ज दडलेला होता. एका परदेशी बँडचा कार्यक्रम होणार आहे, लेकीला जायचंय आणि तिकीट काढायला परवानगी हवी आहे. पोहे त्यासाठीच तर तिने स्वतः केले होते!

सौ.ची पहिली शंका अशी: "त्या 'निर्वाणा'चा गायक ऐन तरुणपणी गेला ना? मग असलं संगीत मुलांनी ऐकावंच कशाला?"

खोली क्षणभर गप्प झाली. मग भाचा शांतपणे म्हणाला, "मामी, कर्ट कोबेन एप्रिल १९९४मध्ये गेला. सत्तावीस वर्षांचा होता. नैराश्य होतं, व्यसन होतं. तो आजारी होता. पण त्याची गाणी ऐकणाऱ्या कित्येकांना पहिल्यांदा वाटलं, की असं वाटणारा मी एकटाच नाही." त्याच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा सिएटलमधल्या शोकसभेला सुमारे सात हजार माणसं जमली होती. बहुतेक तरुण. एकमेकांना न ओळखणारी मुलं गळ्यात पडून रडली.

भाच्याने मग त्या बँडचा 'अनप्लग्ड'चा कार्यक्रम लावला. नोव्हेंबर १९९३मध्ये न्यूयॉर्कला चित्रित झालेला. मंचावर पांढरी लिलीची फुलं आणि मेणबत्त्या. वाद्यांचा कल्लोळ नाही. सौ. पदराला हात पुसत उभ्या उभ्याच दोन गाणी ऐकत राहिली. म्हणाली, "हा मुलगा ओरडत नाहीये गं. काहीतरी सांगतोय." पहिली शंका तिथे निम्मी विरली. उरलेली निम्मी विरू नये हेच बरं. मूल काय ऐकतंय यापेक्षा ते एकटं बसून ऐकतंय का, जेवत-बोलत नाहीये का, याकडे घरातल्यांचं लक्ष हवंच.

आता पैशाचा प्रश्न. तिकिटाचा आकडा ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. त्यातच जानेवारी २०२५मध्ये 'कोल्डप्ले' नवी मुंबईत आले होते, तेव्हाची आठवण होती. आधीच्या सप्टेंबरात तिकिटं बघता बघता संपली आणि नंतर कितीतरी पट भावाने विकायला निघाली. मी म्हटलं, "हे कलाकार एवढं मनातलं बोलतात, मग ऐकणाऱ्याच्या खिशाचं काय?"

लेकीला हेच हवं होतं! "बाबा, याच प्रश्नावर 'पर्ल जॅम' भांडले होते."

भांडण खरंच ऐकण्यासारखं आहे. १९९३मध्ये त्यांच्या दुसऱ्या अल्बमच्या साडेनऊ लाख प्रती पहिल्याच आठवड्यात खपल्या होत्या. म्हणाल ती किंमत लोकांनी दिली असती. पण त्यांनी ठरवलं, की तिकीट १८ डॉलरचं आणि त्यावरचा सेवा आकार फार तर १ डॉलर ८० सेंट. म्हणजे वीस डॉलरच्या आत सगळं. तिकीटविक्रीत सगळ्यांत मोठी असलेल्या 'टिकेटमास्टर' कंपनीशी त्यांचं यावरून जमलं नाही. मोठमोठ्या सभागृहांशी त्या कंपनीचे करार होते, त्यामुळे तिला वगळून दौरा करणं जवळजवळ अशक्य. बँडने अमेरिकेच्या न्याय खात्याकडे मक्तेदारीची तक्रार केली. ३० जून १९९४ रोजी बँडमधले स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट वॉशिंग्टनला प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे साक्षीला बसले. गिटार वाजवणारी दोन पोरं खासदारांना सेवा आकाराचा हिशेब समजावून सांगतायत, हे दृश्य कसं असेल!

निकाल? १९९५च्या जुलैत न्याय खात्याने चौकशी गुंडाळली. बँडने आडगावच्या मैदानांवर कार्यक्रम करून पाहिले, हाल झाले, काही रद्द करावे लागले. १९९८च्या दौऱ्यात त्यांना पुन्हा त्याच कंपनीच्या दारात जावं लागलं. हरलेच म्हणा ना! पण ३० वर्षांनी, मे २०२४मध्ये, त्याच न्याय खात्याने 'टिकेटमास्टर' आणि तिची मालक कंपनी 'लाइव्ह नेशन' यांच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. तक्रार खरी असली की ती मरत नाही. वाट बघते.

आता तो कमी बोलणारा चौथा पुढे सरसावला. त्याचा 'फुगाझी' हा बँड वॉशिंग्टन शहरातला, १९८७ ते २००२ या काळात गाजलेला. त्यांनी मोठ्या कंपनीशी करार केलाच नाही. तिकीट बहुतेक वेळा पाच डॉलर. कार्यक्रमाला कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश. आणि गर्दीत कुणी धसमुसळेपणा करून दुसऱ्याला इजा करायला लागला, तर गायक इयन मकाय गाणं थांबवायचा, त्या माणसाला समज द्यायचा आणि तरी ऐकलं नाही, तर त्याचे पाच डॉलर परत करून बाहेरची वाट दाखवायचा. पैसे परत करायला पाकिटं तयारच असायची! २०११पासून या बँडने आपल्या शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं रसिकांसाठी खुली केली. सुचवलेली किंमत? पाच डॉलरच.

"काकू, म्हणून मी म्हणत होतो," तो म्हणाला, "पुढे उभं असलेलं पोर सुखरूप घरी जातंय का, हे बघणारा कलाकार मोठा."

सौ.ची दुसरी शंका नेमकी हीच होती. तिला ना सेवा आकाराची काळजी, ना मक्तेदारीची. "एवढ्या गर्दीत माझी मुलगी सुखरूप राहील का?" तिने सरळ विचारलं.

लेकीने उत्तर टाळलं नाही, याचं मला कौतुक वाटलं. तिच्याच लाडक्या बँडची सगळ्यांत दुःखाची गोष्ट तिने आईला सांगितली.

३० जून २०००. वॉशिंग्टनच्या साक्षीला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली होती. डेन्मार्कमध्ये रॉसकिल्ड इथे १९७१पासून मोठा संगीत महोत्सव भरतो. त्या रात्री 'पर्ल जॅम'चा कार्यक्रम होता. पाऊस, चिखल आणि मंचासमोर हजारोंची गर्दी. मागचे पुढे रेटत होते, पुढच्यांना हलायला जागा नव्हती. चिखलात काही जण घसरले आणि उठू शकले नाहीत. रखवालदारांना आधी कळलं, पण मंचापर्यंत निरोप पोहोचायला मोलाची मिनिटं गेली. कळताच गायक एडी वेडरने गाणं थांबवलं. मी तुमचा मित्र आहे असं समजा आणि मी सांगेन तेव्हा सगळ्यांनी तीन पावलं मागे सरा, अशी त्याने विनवणी केली. गर्दी मागे सरली. तेव्हा खाली पडलेली मुलं दिसली. त्या रात्री आठ जण गेले, नववा काही दिवसांनी रुग्णालयात. सतरा ते सव्वीस वर्षांची मुलं. डेन्मार्क, स्वीडन, जर्मनी, नेदरलँड्स आणि पार ऑस्ट्रेलियातली.

बँड मोडायच्या बेतात आला होता. पुढे कित्येक वर्षं ते अशा महोत्सवांत गायलेच नाहीत. गोसार्ड पुढे त्या मुलांच्या घरच्यांना जाऊन भेटला. महोत्सवाच्या मैदानावर आज त्या नऊ जणांचं स्मारक आहे. मंचासमोरच्या जागेचे नंतर कठडे घालून भाग पाडले गेले, प्रत्येक भागात ठराविकच माणसं.

हे ऐकल्यावर सौ. काय म्हणणार? "मग जाऊच नकोस," एवढंच ना? पण ती म्हणाली, "तीन पावलं मागे सरायला सांगेपर्यंत थांबायचं कशाला? आधीच सरता येत नाही का?"

किती साधं, किती खरं! मग चौघांनी आणि तिने मिळून चक्क नियम लिहून काढले. वाचकहो, तुमच्याही घरातलं कुणी कार्यक्रमाला, जत्रेला, मिरवणुकीला जात असेल, म्हणून इथे देतो.

गर्दीच्या मधोमध, मंचाला चिकटून उभं राहू नये. आत शिरतानाच बाहेर जायच्या वाटा बघून ठेवाव्यात. चारही बाजूंनी अंग घासायला लागलं आणि आपल्या मनाने हलता येईना, की तिथून निघायची वेळ झाली. गाणं कितीही आवडतं असलं तरी. रेटा आला तर त्याच्या उलट जोर लावू नये. रेटा ओसरला की तिरकं, कडेकडेने बाहेर सरकावं. दोन्ही हात छातीपुढे धरावेत. अशा गर्दीत माणूस दगावतो तो बहुधा छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने. मोबाइल पडला तर पडू द्यावा, वाकू नये. पण माणूस पडला तर आजूबाजूच्यांनी हात वर करून ओरडावं आणि त्याला आधी उचलावं.

हा शेवटचा नियम आपला नव्हे बरं का. मंचापुढे धसमुसळं नाचणाऱ्या रॉक रसिकांचा हा जुनाच अलिखित कायदा आहे: पडलेल्याला उचला. मला तर त्यांच्या सगळ्या अल्बमांपेक्षा ही एक ओळ मोठी वाटली.

परवानगी मिळाली. अट एकच, पुढे घुसायचं नाही, कडेला उभं राहायचं. लेक लगेच म्हणाली, "आई, कडेला आवाज जास्त छान येतो!" खरं-खोटं तीच जाणे. पण तिकीट काढण्याआधी तिने मैदानाचा नकाशा आईपुढे ठेवला आणि बाहेर जायच्या वाटा बोटाने दाखवल्या.

सर्वोत्तम अल्बम कोणता, हा वाद मात्र अजून सुटलेला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. सौ.ने विचारलंय, त्या लिलीच्या फुलांवाल्याचं आणखी काही आहे का!