कोरडा नमस्कारही चालेल

आमच्या शाखेत एक तत्त्वज्ञ आहेत. हुद्दा माझाच, म्हणजे कारकुनाचा. पण बोलण्याचा थाट गव्हर्नरचा. सकाळी त्यांना कोणी 'नमस्कार' म्हटले की ते चष्म्यावरून पाहतात आणि विचारतात, "मनापासून म्हणताय की सवयीने?" आता लोकलमध्ये चेंगरून आलेला माणूस मनापासून काय म्हणणार? "सवयीनेच," असे कबूल केले की विजयी मुद्रेने म्हणतात, "मग म्हणताच कशाला? मनात असलं म्हणजे झालं. तोंडदेखलेपणा नको!"

हे मत मी वर्षानुवर्षे मुकाट्याने ऐकत आलो. पण 2023 साली सौभाग्यवतीच्या हट्टाखातर इस्तंबूलची सहल केली आणि तेव्हापासून या मताचा मी हाडवैरी झालो आहे.

झाले असे. हॉटेलजवळच्या गल्लीत एक माणूस रस्ता झाडत होता. समोरून एक सुटाबुटातले गृहस्थ घाईघाईने आले आणि जाता जाता त्याला म्हणाले, "कोलाय गेल्सिन." झाडणाऱ्याने मान लववली आणि दोघे आपापल्या मार्गाला लागले. मला वाटले, ओळखीचे असतील. पण तेच शब्द पुढे गवंड्याच्या, भाजीवाल्याच्या आणि पैसे बदलून देणाऱ्या खिडकीतल्या कारकुनाच्याही वाट्याला आलेले ऐकले. गाईडने अर्थ सांगितला : 'सोपं जावो.' काम करताना जो दिसेल, त्याला तुर्की माणूस एवढे म्हणतो. बस्स!

वाचकहो, वीस वर्षे मी खिडकीमागे बसतो आहे. पलीकडून आजवर 'अजून किती वेळ?', 'जेवण आटपलं का?' आणि 'सर्व्हर तुमचाच कसा हो बंद पडतो?' हे तीनच मंत्र कानी पडले आहेत.

पुढे चौकशी केली तर तुर्की लोकांकडे प्रत्येक प्रसंगाचे तयार वाक्य निघाले. पाहुणा दारात आला की 'होश गेल्दिनिझ', म्हणजे खुशीने आलात. त्यावर पाहुण्याने 'होश बुल्दुक', म्हणजे खुशी इथे सापडली, असे म्हणायचे. (हा 'होश' म्हणजे आपल्याकडे फारसीतून आलेला 'खूश'च! त्यांचा 'हेसाप' आणि माझा हिशेबही तसेच भाऊ.) आजाऱ्याला 'गेच्मिश ओल्सुन', म्हणजे दुखणे सरून जावो. न्हाऊन किंवा केस कापून आलेल्यालाही आरोग्य चिंतायचे. जेवल्यावर रांधणारीला 'एलिनिझे साऽलक', म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो. आपल्याकडे 'अन्नदाता सुखी भव' म्हणायची रीत आहे; पण तो आशीर्वाद यजमानाला. ओट्याजवळ उभी असलेली अन्नदात्री 'आज मीठ कमी पडलं' एवढ्यावरच सुखी!

सणाच्या दिवशी धाकटे थोरांच्या हाताचे चुंबन घेऊन तो हात आपल्या कपाळाला लावतात. कोणी प्रवासाला निघाले की गाडीमागे भांडेभर पाणी ओततात : पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये. हे वाचून हसू नका. 'जातो' म्हटले की दारातच दटावून 'येतो म्हण' म्हणणारी आजी तुमच्याही घरात होती.

तत्त्वज्ञांना हे सारे सांगितले. ते म्हणाले, "पाठ केलेली वाक्यं! पोपटपंची!"

मान्य. पाठच केलेली आहेत. तुर्की माणसेही ती बहुधा सवयीनेच म्हणत असतील. पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, मला चलनाची थोडी माहिती आहे. पाचशेच्या नोटेत पाचशे रुपयांचा कागद असतो का? ती चालते, कारण घेणारा घेतो आणि पुढच्याला देतो. मनापासूनचा उमाळा हे सोने. ते लॉकरमध्ये असावे, वर्षाकाठी दोनदा बाहेर काढावे. पण सोने देऊनच कोथिंबीर घेईन म्हणणारा माणूस बिनकोथिंबिरीचाच घरी येणार! रोजच्या व्यवहाराला सुटे पैसे लागतात.

आणि हे चलन सरकारलाही रद्द करता येत नाही. 1934 साली तुर्कस्तानात कायदा करून 'बे', 'हानम', 'एफेंदी', 'पाशा' असल्या उपाध्या मोडीत काढल्या. पण आजही कचेरीत पुरुषाच्या नावापुढे 'बे' आणि बाईच्या नावापुढे 'हानम' लागतेच. पाशा गेले, अदब राहिली.

आता एक गोष्ट सांगतो. ती तत्त्वज्ञांना सांगितलेली नाही. माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याची बायको अचानक गेली. तेराव्यानंतर तो कामावर आला. मला इतके वाईट वाटत होते की तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मी विचारले, "रजा शिल्लक होती ना?" त्याने नुसती मान हलवली. अशा वेळी तुर्की माणूस 'बाशनज साऽ ओल्सुन' म्हणतो : तुम्ही सुखरूप राहा. वाक्य ठरलेले, श्रीमंताला तेच, गरिबाला तेच. नवे शब्द शोधायला नकोत. तो प्रसंग होऊन चार वर्षे झाली, पण माझा तो प्रश्न मला अजून रात्री आठवतो. मन माझ्याजवळ भरपूर होते हो, वाक्य नव्हते.

म्हणून सहलीहून परतल्यावर मी प्रयोग सुरू केला. आमच्या सोसायटीच्या मावशी जिना झाडत होत्या. म्हटले, "सोपं जावो, मावशी!" त्या दचकल्या. "काय झालं साहेब? केरात काही पडलं का तुमचं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सौ.कडे माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मी नेटाने म्हणत राहिलो. आठव्या दिवशी मी तोंड उघडण्याआधी मावशीच म्हणाल्या, "बँकेत निघाला न्हवं? तुमचं बी सोपं जावो."

त्या दिवशी सर्व्हर तीनदा बंद पडला, पण मी कोणावर खेकसलो नाही.

तत्त्वज्ञांनी लगेच विचारले, "पण ती मनापासून म्हणाली कशावरून?"

मी काही विचारले नाही. मोठी नोट उजेडात धरून पाहणे हा माझा धंदा आहे. पण सुटी नाणी कोणी उजेडात धरत नाही. ती खिशात खुळखुळली तरी पुरे.